हाल्ब एल्फ

मंगळवारी संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर नेकारसुल्मच्या स्टेशनावर श्टाटबानची वाट बघत उभा होतो. गाडीला चार मिनिटं होती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आमच्या क्लबाच्या 'आल्टे हेरेन' गटावर, म्हणजे पस्तिशी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या आणि तरीही शनिवारी चेंडूमागे पळणाऱ्या मंडळींच्या गटावर, योर्गचा निरोप होता. शनिवारी डीनचा शेवटचा सामना. सुरुवात हाल्ब द्राय. नागेश, तू डीनला वेळ सांगशील ना? योर्ग आमचा कप्तान, द्राक्षमळेवाला, सरळ माणूस. त्याच्या मनात काही असण्याचं कारणच नव्हतं. डीनला, आमच्या संघातल्या इंग्रजाला, जर्मनमधलं जे काही सांगायचं असतं ते गेली नऊ वर्षं मीच सांगत आलोय. तरी ती ओळ मी पुन्हा वाचली. गाडी आली, दारं उघडली, लोक चढले, दारं मिटली आणि मी फलाटावर तसाच. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, आणि सामन्याची वेळ कळवायची म्हणून चढायचं राहिलेलं. पुढची गाडी वीस मिनिटांनी होती. तीसुद्धा जवळजवळ चुकणारच होती.

त्या 'हाल्ब'चं आधी सांगायला हवं. हाल्ब म्हणजे अर्धा. जर्मन माणूस हाल्ब द्राय म्हणतो, अर्धा तीन, तेव्हा त्याला अडीच म्हणायचं असतं. तिसरा तास अर्धा भरला, असा त्याचा हिशोब. इंग्रज हाफ थ्री म्हणतो तेव्हा मात्र साडेतीन. शब्द तोच, आकडा तोच आणि दोघांत एका तासाचं अंतर. इथे नवीन आलेला प्रत्येक जण त्यात एकदा तरी फसतो, डॉक्टरकडे उशिरा जातो, घरमालकाच्या शिव्या खातो. मी कधीच फसलो नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. कोल्हापुरात आठवीत मालिनीबाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं की दीड हा मुळात 'अर्धा दुसरा' आणि अडीच हा 'अर्धा तिसरा'; साडेतीनपासून मात्र आपण 'अर्ध्यासह तीन' असं म्हणायला लागतो. पुढे हाइलब्रोनच्या जर्मन वर्गात घड्याळाचा धडा आला आणि सगळे कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मी हात वर केला. म्हणालो, आमच्या भाषेत दीड आणि अडीच जर्मन आहेत, साडेतीनपासून पुढे सगळे इंग्रज. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते कागदावर लिहवून घेतलं आणि माझ्या नावासकट भिंतीला लावलं. हाल्बमध्ये चूक करणारा माणूस नेकारच्या खोऱ्यात शोधायचा म्हटलं तर माझा नंबर शेवटचा लागेल.

आणि सात वर्षांपूर्वी नेमकी तीच चूक माझ्या हातून झाली. 'झाली' असंच मी इतकी वर्षं म्हणत आलोय. झाली, घडली, होऊन गेली. कर्ता गायब करायची मराठीत फार चांगली सोय आहे.

डीन हॅलम हा यॉर्कशरचा. इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जी रोषणाई येते, त्यातलं त्याच्याकडे काही नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या विभागात तो पंधरा वर्षं मधल्या फळीत खेळला. हार्थवेल टाउन, मेरिंग्टन, क्रॉसली रोव्हर्स, असल्या कुणाला ऐकून माहीत नसलेल्या गावांचे क्लब. मग एका जर्मन फिजिओथेरपिस्टशी, साबीनशी, लग्न केलं, तिच्यामागोमाग आमच्या या द्राक्षमळ्यांच्या गावात आला. लग्न चार वर्षं टिकलं. साबीन श्टुटगार्टला गेली, डीन इथेच बेकरीच्या वरच्या खोल्यांमध्ये राहिला आणि पार्सलांच्या एका गोदामात लागला. जर्मन त्याला कधी आली नाही. खोकी उचलायला आणि चेंडू द्यायला भाषा लागत नाही म्हणायचा. मी पस्तिशीला आल्टे हेरेनमध्ये गेलो तो पोट कमी करायला. पहिल्याच दिवशी मैदानावर हा आडवा बांध्याचा, टक्कल पडलेला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आधी बघतोस आणि मग चेंडू घेतोस. कुठे शिकलास?" कोल्हापूर, मी म्हणालो. त्याला ते गाव माहीत असायचं कारण नव्हतं. पण कोल्हापूर सोडल्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इथे मला विचारतात ते पगाराचं, व्हिसाचं, तिखट किती खातोस त्याचं. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला, सुकन्याला, दोनदा सांगितलं की त्याने असं असं विचारलं. दुसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती हसली.

डीनबरोबर मधल्या फळीत खेळायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगता येणार नाही. तो पळायचा नाही. गुडघा गेलेलाच होता. पण तुम्ही वळायच्या आधी चेंडू तुमच्या पायाशी आलेला असायचा, आणि तोही उजव्याच पायाशी, जणू तुमचा डावा तकलादू आहे हे त्याने कुणालाही न सांगता लक्षात ठेवलंय. मला तो 'नॅग' म्हणे. इंग्रजीत नॅग म्हणजे कटकट, आमच्याकडे नाग म्हणजे साप. दुसरा अर्थ मी त्याला कधी सांगितला नाही. कारखान्यात मी आवाज मोजतो, गाडीच्या दरवाज्याचा, काचेचा, एक्झॉस्टचा. डेसिबलच्या दशांशासाठी आठवडाभर मीटिंगा घेतो. आठवड्यातले पाच दिवस हेर, म्हणजे श्रीयुत, सरनाईक आणि शनिवारी दीड तास नॅग. खरं सांगायचं तर तो दीड तास सोडला तर बाकी आठवडा मी नुसता भरून काढत होतो. बायको आहे, मुलगी आहे, घराचं कर्ज फिटत आलंय, असं म्हणू नये माणसाने. पण होतं ते असं होतं.

ते २०१८ साल होतं, मार्च महिना. योर्गच्या कुणा मेहुण्याने सांगितलं की श्टुटगार्टपलीकडच्या एका मोठ्या क्लबाला मुलांच्या संघासाठी प्रशिक्षक हवा होता, आणि इंग्रजीच बोलणारा असला तरी चालणार होतं. पूर्ण वेळ नोकरी, पक्का करार, राहायला जागा. डीन तेव्हा चव्वेचाळीसचा होता. आज मी आहे तेवढा. गोदामात रात्रपाळ्या करून त्याची पाठ धरायला लागली होती. त्याने अर्जावर माझा फोन नंबर दिला होता, कारण फोनवरची जर्मन त्याला अजिबात कळायची नाही. ऑफिसातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी क्लबाच्या व्हरांड्यात बाकावर बसून बूट घालत होतो. शनिवारी हाल्ब एल्फ, बाई म्हणाल्या. एल्फ म्हणजे अकरा. मी सवयीने आकड्यात विचारलं, दहा वाजून तीस मिनिटं? गेनाऊ, अगदी बरोबर, बाई म्हणाल्या. फोन ठेवला. डीन समोरच्या बाकावर गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसला होता. त्याने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आशा म्हणतात ती असावी. चाळिशीच्या माणसाच्या तोंडावर ती बरी दिसत नाही. मी म्हणालो, "सॅटरडे. हाफ इलेव्हन."

हाल्ब एल्फ. हाफ इलेव्हन. शब्दाला शब्द. एक अक्षर खोटं नाही. कोर्टात उभं केलं तर दुभाष्या म्हणून मी निर्दोष सुटेन. डीनने पट्टी सोडली, माझ्याकडून पेन घेतलं, आणि तळहातावर लिहिलं: 11.30. माझ्यासमोर लिहिलं. एकच्या आकड्याला तो आधी बारीक शेंडी काढतो, मग रेघ ओढतो, तेसुद्धा मला आठवतंय. मी बघत होतो. तेवढ्या वेळात एखादा माणूस 'नाही नाही, दहा तीस' असं पाच वेळा म्हणू शकला असता. मी बुटाची नाडी बांधली. मग आम्ही मैदानावर गेलो आणि त्या संध्याकाळी मी फार चांगला खेळलो.

तेव्हा मी काय विचार करत होतो, हे सात वर्षं मी स्वतःला विचारतोय आणि दर वेळी उत्तर थोडं बदलतं. सुरुवातीला उत्तर होतं, काहीच नाही, जीभ घसरली. मग ते पटेना, कारण जीभ घसरते, डोळे घसरत नाहीत. मग उत्तर आलं की तो गेला असता तर मी एकटा पडलो असतो, प्रेमापोटी झालं. हे उत्तर बरं होतं, बरीच वर्षं पुरलं. हिवाळ्यात सकाळी सातला अंधारात गाडीची वाट बघताना ते अंगावर घेता यायचं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते कोल्हापूरचं होतं.

कोल्हापुरात मी तालमीकडून खेळायचो. ज्याने शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारी चारला भरलेल्या पाहिल्या नाहीत त्याला वाटेल, पेठेपेठेतला फुटबॉल म्हणजे गंमत. गंमत नव्हती. तालमीचा झेंडा, दोन पेठांमधलं पिढ्यांचं वैर, हरल्यावर चार दिवस गल्लीत तोंड दाखवायची चोरी. मी एकोणीसचा असताना राज्याच्या निवड शिबिराचं पत्र आलं. तालमीतल्या मंडळींनी मला खांद्यावर घेऊन गल्ली फिरवली. त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा. बाबा म्हणाले, "खेळ कुठं पळून चाललाय का? पुढच्या वर्षी जा की." पुढे सगळ्यांना मी सांगत आलो की वडिलांनी जाऊ दिलं नाही. सुकन्यालाही तेच माहीत आहे. खरं असं की बाबांनी एकदाच म्हटलं, आणि ते म्हणताना त्यांना वाटत होतं की पोरगं भांडेल. मी भांडलो नाही. मला बरं वाटलं. शिबिरात महाराष्ट्रभरची पोरं असतील, तिथे कळेल की मी कोण आहे ते. आणि न गेलो तर कधीच कळणार नाही. न कळणं मला जास्त परवडत होतं. बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो विरस उमटला तोही मी पाहिला होता. त्यांनाही मी कधी काही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा मी इथे होतो.

आणि डीन? डीन दर वेळी जायचा. एका क्लबाने काढलं की दुसऱ्याच्या दारात, तिथून काढलं की तिसऱ्याच्या. मे महिन्यात काढून टाकलेला माणूस जुलैमध्ये बूट काखेत मारून परक्या गावात, विशीतल्या पोरांबरोबर चाचणीला उभा. आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी, भाषा येत नसताना, पुन्हा निघाला होता. मला ते बघवलं नाही. तो मोठा खेळाडू होता म्हणून नाही. तो जाऊ शकत होता म्हणून. एक दिवस तरी तोही माझ्यासारखा न गेलेला माणूस व्हावा, असं मला त्या बाकावर बसून वाटलं. हे सगळ्यात खालचं उत्तर. याच्या खाली मी अजून उतरलो नाही.

त्या शनिवारी डीन एकटाच रेल्वेने गेला. मी गाडीने सोडतो म्हणालो नाही. मुलीच्या पोहण्याच्या वर्गाचं काहीतरी कारण काढलं. दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "सगळे निघून गेले होते, नॅग." मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "म्हणजे गेले होते." मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी सामना किती वाजता आहे?" विषय तिथे संपला. त्याला वाटलं असेल, त्या लोकांनी वेळ बदलली, किंवा जर्मन लोक असेच. मी तसं धरून चाललो. त्यानंतर सात वर्षांत त्याने गोदामातच आणखी एक मणका घालवला, मी बढती घेतली, आणि दर शनिवारी तो माझ्या उजव्या पायाशी चेंडू देत राहिला. आता यॉर्कशरमध्ये त्याची आई एकटी पडली होती, बहिणीने बोलावून घेतलं होतं. रविवारी फ्रँकफर्टहून विमान. म्हणजे सांगायचं असेल तर मला मंगळवार ते शनिवार एवढाच वेळ होता. फलाटावर उभा राहून मी बोटांवर दिवस मोजले.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून त्याच्याकडे गेलो. निमित्त होतं. योर्गने माझ्यावर आणखी एक काम टाकलं होतं, सामन्याच्या आधी डीनच्या कारकिर्दीवर जर्मनमध्ये पानभर वाचायचं. बेकरीच्या वरच्या त्या दोन खोल्यांत ताज्या पावाचा वास कायम असायचा, आज त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास मिसळला होता. डीनने चहा केला, त्याचा तो काळा कडक चहा, त्यात थेंबभर दूध. मी वही उघडली. "सुरुवातीपासून सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितलं ते असं. सोळाव्या वर्षी हार्थवेलला उमेदवार म्हणून लागला. मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायचे, कपड्यांच्या टोपल्या उचलायच्या. एकोणिसाव्या वर्षी पहिला सामना, पावसात, बाराशे प्रेक्षक, त्यातला एक त्याचा बाप. मग एकेक वर्षाचे करार. एकूण सामने तीनशे सत्तेचाळीस, गोल एकोणीस. "त्यातला एक चुकून," तो म्हणाला, "मी पास देत होतो." मी लिहून घेत होतो. दर क्लबापुढे साल, सामने, आणि मग मी विचारायचो, तिथून का सोडलंस? तो म्हणायचा, सोडलं नाही, काढलं. मेरिंग्टन? काढलं. क्रॉसली? काढलं. मला त्यांच्याकडची ती पद्धत माहीत नव्हती. हंगाम संपला की मे महिन्यात क्लब यादी लावतो. एका बाजूला ठेवलेले, दुसऱ्या बाजूला सोडलेले. पूर्वी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवायचे, मग पत्र यायला लागलं, शेवटी शेवटी तर गावातल्या वर्तमानपत्रातच वाचायचं. "सात वेळा वाचलं," डीन म्हणाला. "प्रत्येक वेळी आधी ठेवलेल्यांची बाजू वाचायचो. शहाणा माणूस दुसरी बाजू आधी वाचेल."

मी वही मिटली. आता सांगायचं, असं ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच. "सामना शनिवारी," मी म्हणालो. "दोन तीस. म्हणजे चौदा तीस. थांब, लिहूनच देतो." आणि मी खरोखर वहीचं पान फाडून त्यावर ठळक 14.30 लिहिलं, खाली रेघ मारली, आणि ते त्याच्यासमोर सरकवलं.

डीनने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "या वेळी लिहून दिलंस," तो म्हणाला.

बेकरीतल्या यंत्राची घरघर खालून येत होती. पासष्ट डेसिबल असेल, माझ्या डोक्यात आलं, धंद्याची सवय. डीनने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "मी त्या दिवशी सव्वाअकरालाच पोचलो होतो," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं आधी, असं मला वाटत होतं. ऑफिसात एक बाई होत्या, त्यांना बरं इंग्रजी यायचं. घड्याळ दाखवून त्यांनी हाल्ब म्हणजे काय ते मला समजावलं. मग म्हणाल्या, पण तुमच्या मित्राने तर फोनवर बरोबर आकडे म्हटले होते. टेन थर्टी."

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"परत येताना गाडीत मी फार चिडलो होतो. म्हटलं, उतरल्यावर त्याच्या घरी जायचं आणि त्याचे दात पाडायचे." तो जरा हसला. "पण हाइलब्रोन येईपर्यंत दुसरंच डोक्यात आलं. पंधरा वर्षं, सात क्लब. नॅग, मला कुणी ठेवून घेतलं नाही. कुठल्याच यादीत नाही. साबीननेही नाही. आणि हा एक माणूस आहे, ज्याने मी जाऊ नये म्हणून खोटेपणा केला. वाईट केलंस. पण तुला मी इथे हवा होतो. असं मला आधी कुणी केलं नव्हतं."

तो हे इतकं साधेपणाने म्हणाला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पाणी बघून त्याला जे वाटायचं होतं ते वाटलं. त्याने टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं. मला क्षमा मिळत होती, नको तेवढी, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. त्या प्रेमळ माणसाची, जो मित्राला ठेवून घ्यायला धडपडला. तो माणूस त्या बाकावर थोडासा होता, नव्हता असं नाही. पण बुटाची नाडी बांधली ती त्याने नव्हती. डीनने चुकीचं लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर, आणि मी बघत होतो. 'डीन, तसं नाही ते,' एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत तीन शब्द. मी चहा संपवला, आणि म्हणालो की बाकीचं मी घरी लिहून काढतो.

शनिवारी ऊन होतं. मळ्यांच्या उतारावर वेलींना नुकती पालवी फुटली होती. मैदानाच्या कडेला योर्गने जाळी पेटवून सॉसेज भाजायला घेतले होते, आणि शेजारच्या टेबलावर क्लबातल्या बायकांचे केक, त्यांत सुकन्याने केलेला नारळाचा केक. कोल्हापुरी बायको सामन्याला आली की आधी खाण्याची व्यवस्था बघते आणि मग स्कोअर विचारते. सव्वादोनला मी माइकवर कारकीर्द वाचली. साल, क्लब, सामने. 'काढलं' हा शब्द मी कुठेच घातला नाही. त्याऐवजी दर वेळी 'त्यानंतर' असं लिहिलं होतं. शेवटची ओळ डीननेच फोन करून सांगितली होती: आणि इथे तो राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. योर्गने नाक पुसलं. डीन माझ्याकडे बघून मान हलवत होता, जणू आमच्या दोघांचं त्या ओळीत काही गुपित आहे.

डीन एक तास खेळला. मग योर्गने रेफरीला खूण केली, खेळ थांबला, आणि दोन्ही संघ दोन रांगा करून उभे राहिले, त्यांच्यामधून त्याने बाहेर जायचं अशी इथे पद्धत आहे. तो एकेकाशी हात मिळवत येत होता. मी रांगेच्या शेवटी. जवळ आला तेव्हा घामाने निथळत होता, दम लागला होता, आणि चेहऱ्यावर तेच जुनं, बरं न दिसणारं काहीतरी होतं. उद्या हा जाणार. पुन्हा जाणार, आणि या वेळीही मी इथेच. त्याने मला मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून, त्याच्या कानाशी, मी बोललो. मराठीत बोललो. इतकी वर्षं जे इंग्रजीत येत नव्हतं, जर्मनमध्ये येत नव्हतं, ते आठवीतल्या पोरासारखं सरळ आलं.

"तुझ्यावर जळलो होतो मी, डीन. जळलो होतो."

तो मागे झाला. "काय म्हणालास?" त्याने विचारलं. "तुझ्या भाषेत होतं ना ते? काय अर्थ?"

मी दुभाष्या. नऊ वर्षं त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभा. रांगेतले सगळे बघत होते. रेफरी हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"ऑल द बेस्ट," मी म्हणालो. "आमच्याकडे निरोप देताना असं म्हणतात."

डीनला ते फार आवडलं. त्याने दोनदा म्हणवून घेतलं, ओठ हलवून पाठ केलं, जसा तो हातावर वेळ लिहायचा तसं. मग रेषेबाहेर गेला आणि हात वर करून म्हणत सुटला, जल्लो होटो, जल्लो होटो. योर्गला म्हणाला, केकवाल्या बायकांना म्हणाला, व्हीलचेअरवरच्या जुन्या गोलकीपरला म्हणाला. लोक हसून त्यालाच उलट म्हणू लागले. खेळ सुरू झाला होता, चेंडू माझ्या बाजूला आला तो माझ्या डाव्या पायाशी, आणि मी तो सरळ बाहेर घालवला.

चेंडू टेबलाखाली गेला. आणायला धावलो तर सुकन्या हातात केकचं ताट घेऊन उभी होती. तिने आधी जाळीकडे बघितलं होतं, सॉसेज व्यवस्थित होते. आता ती माझ्याकडे बघत होती. पलीकडे डीन टाळ्यांमध्ये पुन्हा तेच ओरडला.

"अरे, हा काय म्हणतोय सारखं?" ती म्हणाली. "काय जळलं?"

मी वाकून चेंडू उचलला. 

"मी," मी म्हणालो.